विश्लेषण : एसटी मोफत, पण थांब्यापर्यंत पोहोचायचे कसे? ‘ज्येष्ठस्नेही’ वस्ती म्हणजे काय?

राज्यातील ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयोगटाला तिकिटात निम्मी सवलत मिळते. पण घरापासून थांब्यापर्यंतचा रस्ता उखडलेला असेल, थांब्यावर बसायला बाक नसेल आणि गाडीची पहिली पायरी चढणेच अवघड असेल, तर ही सवलत अनेकांसाठी कागदावरच राहते. म्हणूनच सवलतींच्या पलीकडे जाऊन गाव, शहर, वस्ती ‘ज्येष्ठस्नेही’ करण्याचा विचार पुढे आला आहे.

हा विषय आता महत्त्वाचा का?

२०११च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील लोकसंख्या सुमारे १०.४ कोटी होती. महाराष्ट्रात ती १.११ कोटींच्या घरात, म्हणजे जवळपास दर दहा जणांमागे एक होती. २०३६ पर्यंत देशातील ज्येष्ठांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास जाईल, असा केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. कोकणातील अनेक गावांत तरुण मुले मुंबई-पुण्याला आणि घरात फक्त आई-वडील, हे चित्र जुनेच आहे. आता शहरांतील सोसायट्यांतही मुले परदेशी आणि आजी-आजोबा तिसऱ्या मजल्यावर, अशी घरे दिसतात. दूध, औषधे, बँक, दवाखाना यासाठी त्यांना स्वतःच बाहेर पडावे लागते.

‘ज्येष्ठस्नेही’ची व्याख्या काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये याबाबत मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. जगभरातील ३३ शहरांत ज्येष्ठांशी बोलून ती तयार झाली; त्यात भारतातील दिल्ली आणि उदयपूर होते. मार्गदर्शिकेत आठ बाबी आहेत : मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घर, सामाजिक सहभाग, सन्मान, नागरी सहभाग व रोजगार, माहिती आणि आरोग्यसेवा. २०१०मध्ये अशा शहरांचे जागतिक जाळे उभे राहिले. त्यात सामील होणे म्हणजे प्रमाणपत्र मिळवणे नव्हे. सुधारणा करत राहण्याची ती हमी असते. केरळमधील कोची शहर या जाळ्यात आहे.

सिग्नलचे गणित काय?

रस्ता ओलांडण्याची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, असे अनेक ठिकाणी गृहीत धरले जाते. या वेगाने १२ मीटर रुंद रस्ता दहा सेकंदांत पार होतो. मात्र, गुडघेदुखी असलेल्या किंवा काठी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीचा वेग सेकंदाला ०.८ मीटर असेल, तर तिला १५ सेकंद लागतात. म्हणजे सिग्नल बदलतो तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध असते. सिंगापूरने यावर २००९पासून उपाय केला. ज्येष्ठांनी आपले सवलतीचे कार्ड सिग्नलच्या खांबावरील यंत्राला लावले, की रस्त्याच्या रुंदीनुसार ३ ते १३ सेकंद वाढवून मिळतात.

बाहेर पडणे थांबले तर काय होते?

एकदा पडण्याची भीती बसली, की माणूस बाहेर जाणे कमी करतो. चालणे कमी झाले, की स्नायूंची ताकद घटते, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. स्वच्छतागृहाचेही तसेच. वाटेत सोय नाही म्हणून अनेक जण, विशेषतः महिला, बाहेर जाण्याआधी पाणी पिणे टाळतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. मग त्या दिवशी गोळीच घेतली जात नाही. भजनाला, कट्ट्यावर, ज्येष्ठ नागरिक संघात जाणे सुटते. एकटेपण सुरू होते ते इथून.

कायदे आणि योजना पुरेशा नाहीत का?

२००७च्या कायद्याने ज्येष्ठांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागण्याचा हक्क दिला आणि रुग्णालयांत स्वतंत्र रांगेची तरतूद केली. राज्याच्या वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये मिळतात. आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढील सर्वांना २०२४पासून पाच लाखांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. या सर्व गोष्टी गरजेच्या आहेत. पण त्या व्यक्तीपुरत्या आहेत. घर आणि दवाखाना यांच्यामधली वाट त्यात येत नाही. शहरात पदपथ महापालिकेचा, सिग्नलचे नियंत्रण पोलिसांकडे, बस परिवहन संस्थेची आणि जिना सोसायटीचा. ज्येष्ठांना मात्र हे सारे एकाच फेरीत पार करायचे असते. त्यातला एक दुवा तुटला, तरी फेरी रद्द होते.

वस्तीपातळीवर काय करता येईल?

सुरुवात पाहणीपासून. एखाद्या ज्येष्ठासोबत घरापासून औषधाच्या दुकानापर्यंत चालत जावे आणि अडथळ्यांची यादी करावी. कुठे पायरी उंच, कुठे दिवा नाही, कुठे टेकायला जागा नाही. सोसायटीत जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा, पायऱ्यांच्या कडेला ठळक पट्टा आणि प्रत्येक मजल्यावर विसाव्यासाठी खुर्ची, ही कामे कमी खर्चात होतात. उतार बांधताना १ : १२ हे प्रमाण पाळावे, १५ सेंटीमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. त्याहून खडा उतार व्हीलचेअरसाठी धोक्याचा ठरतो.

मोठ्या कामांसाठी यादी योग्य टेबलावर पोहोचली पाहिजे. गावात ग्रामसभेत ठराव मांडता येतो. पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातील कामे मागवली जातात. तेथे बाक, पदपथ सुचवता येतात. विरंगुळा केंद्र मंजूर होत असेल, तर ते तळमजल्यावर असावे आणि तेथे स्वच्छतागृह हवेच. मदत वा माहितीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

फायदा फक्त ज्येष्ठांनाच?

नाही. जिन्याशेजारचा उतार बाबागाडी ढकलणाऱ्या आईला आणि गॅस सिलिंडर आणणाऱ्या कामगारालाही उपयोगी पडतो. थांब्यावरचा बाक गर्भवतीला लागतो, सिग्नलचे जादा सेकंद शाळकरी मुलांना. आणि आज पन्नाशीत असलेल्यांना तर हाच जिना आणखी पंधरा-वीस वर्षांनी स्वतःच चढायचा आहे.