खरी प्रत कोणती?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घराजवळच्या एका शाळेतल्या मुलांनी पावसाळाभर पाऊस मोजायचे ठरवले होते. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजायचे आणि आकडा शाळेच्या संगणकातल्या तक्त्यात भरायचा. रविवारचे आकडे मुले मला फोनवर सांगत, ते मी घरच्या संगणकावर भरत असे. फाईलची ने-आण पेन ड्राइव्हवरून चाले. एकदा मध्ये अकरा दिवस मला शाळेत जाणे जमले नाही. नंतर घरची फाईल घेऊन गेलो. ‘या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?’ असे संगणकाने विचारले. माझ्या फाईलवरची तारीख नंतरची होती, म्हणून मी ‘हो’ म्हटले. त्या अकरा दिवसांत शाळेत भरलेले सगळे आकडे पुसले गेले. कच्ची वही कोणी ठेवली नव्हती, आणि पडून गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

चूक माझीच होती. ‘नंतरची तारीख म्हणजे अधिक पूर्ण फाईल’ असे मी धरून चाललो. आज बहुतेक शिक्षकांच्या फाईली फोनवर, घरी आणि शाळेत अशा तीन ठिकाणी असतात. त्या एकसारख्या कशा ठेवायच्या?

एक मार्ग म्हणजे त्या एखाद्या कंपनीच्या संगणकावर ठेवणे. हे सोयीचे आहे, पण आपल्या प्रश्नपत्रिका, मुलांचे गुण, त्यांची छायाचित्रे अशा वेळी दुसऱ्याच्या यंत्रावर राहतात. दुसरा मार्ग म्हणजे आपली यंत्रे एकमेकांशीच बोलती करणे. त्यासाठी ‘सिंकथिंग’ हा मोफत आणि मुक्तस्रोत प्रोग्राम २०१३ पासून उपलब्ध आहे. त्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. त्याला तीन प्रश्न सोडवावे लागतात.

पहिला प्रश्न : समोरचे यंत्र आपलेच कशावरून? प्रोग्राम पहिल्यांदा सुरू होताच प्रत्येक यंत्र स्वतःसाठी एक गुप्त किल्ली तयार करते आणि तिच्या जोडीच्या प्रमाणपत्रावरून अक्षर-अंकांचा एक लांबलचक ओळखक्रमांक ठरतो. घरच्या यंत्राला शाळेच्या यंत्राचा क्रमांक सांगायचा आणि शाळेच्या यंत्राला घरच्याचा. दोन्हीकडून संमती असेल तरच ओळख पटते. पुढचे सगळे बोलणे सांकेतिक रूपात होते. थेट जोडणी जमली नाही, तर निरोप मधल्या एखाद्या संगणकामार्फत जातो. पण त्याच्या हाती फक्त बंद पाकीट असते, आतला मजकूर त्याला वाचता येत नाही.

दुसरा प्रश्न : नेमके काय बदलले? यासाठी फाईलचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर एक गणिती प्रक्रिया करून २५६ बिटांचा ‘ठसा’ काढतात. तुकड्यातले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पार वेगळा येतो. दोन्ही यंत्रे आधी ठशांच्या याद्या ताडून पाहतात आणि जुळत नसतील तेवढेच तुकडे पाठवतात. मोठ्या फाईलचा एकच तुकडा बदलला असेल, तर सगळी फाईल पुन्हा पाठवावी लागत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : खरी प्रत कोणती? इथे घड्याळावर भिस्त ठेवता येत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या काही संगणकशास्त्रज्ञांनी यावर एक सोपी युक्ती मांडली. प्रत्येक प्रतीसोबत, कोणत्या यंत्रावर किती वेळा बदल झाले याची मोजणी ठेवायची. समजा, दोन्हीकडे (घर ३, शाळा ५) अशी नोंद आहे. शाळेत एक बदल झाला, तर तिथली नोंद (३, ६) होईल. तिच्यातला कोणताही आकडा घरच्या (३, ५) पेक्षा कमी नाही. म्हणजे घरचे सारे बदल तिच्यात आलेले आहेत, ती प्रत खुशाल घ्यावी. पण त्याच वेळी घरीही बदल झाला असेल, तर तिथली नोंद (४, ५) होईल. आता (४, ५) आणि (३, ६) यांपैकी कोणतीच प्रत दुसरीला पोटात घेत नाही. हा झाला ‘संघर्ष’. अशा वेळी प्रोग्राम कोणतीही प्रत पुसत नाही. ज्या प्रतीची वेळ आधीची, तिच्या नावात तशी खूण घालून तो तीही शेजारी ठेवतो. दोन्हींचा मेळ माणसाने घालायचा. माझ्या पेन ड्राइव्हला एवढे कळले असते, तर ते अकरा दिवस वाचले असते.

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. सर्वांत मोठी किंवा सर्वांत नवी पोथी तीच खरी, असे विष्णु सीताराम सुकथनकर आणि इतर संपादकांनी मानले नाही. कोणती पोथी कोणत्या शाखेतून आली, हे त्यांनी शोधले आणि न स्वीकारलेले पाठही पानाच्या तळाशी जपले.

प्रत्यक्ष मांडणी सोपी आहे. दोन्ही यंत्रांवर प्रोग्राम घ्या, ओळखक्रमांकांची देवघेव करा, एक फोल्डर निवडा आणि आधी बिनमहत्त्वाच्या फाईलींवर चालवून पाहा. अँड्रॉइड फोनसाठीचे मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबले. इतरांनी पुढे चालवलेली त्याची आवृत्ती मिळते. ती कोण सांभाळते हे पाहून घ्या. दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू असतील तेव्हाच देवघेव होते, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक इशारा. जुळवणी म्हणजे सुरक्षित साठवण नव्हे. एका ठिकाणी फाईल पुसली की दुसरीकडचीही पुसली जाते. म्हणून जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय सुरू करा आणि एक प्रत वेगळ्या जागी, वेगळ्या डिस्कवर ठेवा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा पुण्यात नदीकाठच्या घरांत एका कपाटात काय आणि चार कपाटांत काय, कागद सारखेच भिजले.

वर्गात हे करून पाहण्यासाठी संगणक लागत नाही. दोन मुलांना एकच यादी असलेल्या दोन वह्या द्या. प्रत्येक बदलाबरोबर त्यांनी आपापला आकडा वाढवायचा. मग बाकीच्या मुलांनी फक्त आकडे पाहून सांगायचे, की कोणती वही घ्यावी आणि केव्हा दोघांना समोरासमोर बसवावे.

त्या शाळेत पुढच्या जूनपासून मोजणी पुन्हा सुरू झाली. पर्जन्यमापकाशेजारी आता खिळ्याला दोरीने बांधलेली एक वही लटकते.