पळणाऱ्या पोरींना हेरणारी कोच

संध्याकाळी सहानंतर पिंपळे सौदागरला शिवार चौकाच्या आसपास एक चक्कर मारा. कुणी इअरफोन घालून पळतंय, कुणी सोसायटीच्या गेटपाशी बॅडमिंटन खेळतंय, बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर दिवे लागलेत. समजा, तुम्हीही पळताय आणि एक अनोळखी बाई हात करून विचारते, ‘लॅक्रॉस खेळणार का?’ काय कराल? बहुतेक स्पीड वाढवाल!

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दोन जुळ्या बहिणी अशाच कॅम्पसवर पळत होत्या. लॅक्रॉस त्या कधी खेळल्याच नव्हत्या. तरी तिथल्या कोचनं, केली अमाँटे हिलरनं, त्यांना टीममध्ये घेतलं. कारण टीम उभी करायची होती आणि नावाजलेल्या खेळाडू नवख्या टीमकडे कशाला येतील?

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेली काठी. त्या जाळीत रबरी चेंडू झेलायचा, पळत न्यायचा आणि गोलात मारायचा. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा हा खेळ. केली स्वतः मेरिलँड विद्यापीठाकडून खेळली, तिथे राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. तिच्या कोच होत्या सिंडी टिमचॅल. गंमत म्हणजे मेरिलँडला येण्याआधी याच टिमचॅल नॉर्थवेस्टर्नच्या कोच होत्या. त्या गेल्यावर काही काळानं विद्यापीठानं मुलींची टीमच बंद केली. उरला तो फक्त हौशी क्लब. बाईंनी सोडलेली जागा पुढे त्यांच्याच शिष्येनं भरून काढली.

2002 मध्ये टीम पुन्हा अधिकृतपणे मैदानात उतरली. पहिल्या हंगामात जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त. आणि 2005 मध्ये? एकही मॅच न हरता राष्ट्रीय विजेतेपद! त्या जुळ्या बहिणीही या टीममध्ये होत्या. (या पोरी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांना भेटायला गेल्या, तर फोटोत काहींच्या पायात चपला. अमेरिकेतल्या पेपरांनी त्या चपलांवरच रकानेच्या रकाने लिहिले.) पुढची चार वर्षंही विजेतेपद त्यांचंच. मग 2011, 2012 आणि मधल्या मोठ्या खंडानंतर 2023. त्या अकरा वर्षांत कोच बदलली नाही, हे मला आठ विजेतेपदांपेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडे दोन स्पर्धा हरल्या की पहिला बळी कुणाचा जातो, हे तुम्हाला माहीतच आहे.

‘हे सगळं तिकडे ठीक आहे हो, पण इथे काय?’ असं तुम्ही म्हणणार. तर ऐका. लॅक्रॉसला ऑलिम्पिकमध्ये परत घेण्याचा निर्णय झाला तो आपल्या मुंबईत! ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन तिथे भरलं होतं. लॉस एंजेलिस 2028 साठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही मान्यता मिळाली. क्रिकेटच्या जल्लोषात ती बातमी आपल्यापैकी कितीजणांनी वाचली? पदकासाठी हा खेळ याआधी 1904 आणि 1908 मध्येच खेळला गेला होता. आता खेळतील ते ‘सिक्सेस’: प्रत्येक बाजूला सहा जण, आठ-आठ मिनिटांचे चार डाव.

तरीही ‘लॅक्रॉस कोच पाहिजे’ अशी जाहिरात उद्या आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागेल, या भ्रमात राहू नका. इथल्या कॉलेजात असते ती शारीरिक शिक्षण संचालकाची जागा. म्हणजे आपले ‘स्पोर्ट्‌सचे सर’ किंवा ‘मॅडम’. एक माणूस आणि दहा खेळ: सकाळी कबड्डी, दुपारी बुद्धिबळाच्या एंट्रीज, संध्याकाळी खो-खो. त्यासाठी एम.पी.एड. ला किमान 55 टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत असते) आणि नेट किंवा सेट लागते. पूर्णवेळ जागेचा मूळ पगार 57,700 रुपयांपासून. पण अशी जागा मिळेपर्यंत कित्येक जण कंत्राटावर राबतात, हेही घरी सांगून ठेवा. एकाच खेळाचा कोच व्हायचं असेल, तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा आहे. ही संस्था 1961 पासून कोच घडवतेय. मला विचाराल तर आधी एक खेळ आणि त्याचं कोचिंग पक्कं शिका, लॅक्रॉसची काठी नंतर हातात घ्या. खेळाडू हेरायची नजर सगळीकडे तीच लागते.

आणि हो, संचालकाच्या या जागेसाठी पळूनही दाखवावं लागतं! यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत तिशीपर्यंतच्या पुरुषांना 12 मिनिटांत 1800 मीटर आणि महिलांना आठ मिनिटांत 1000 मीटर अंतर दिलंय. चाललेलंही चालतं. शिवार चौकातून निघताना मोबाइलवर टायमर लावा.