पैठणला नाथसागर आणि बाग बघायला जाताय? पाण्याजवळ जाण्याआधी एवढं समजून घ्या

पैठण : सुट्टी लागली की गावागावांतून गाड्या भरून माणसं पैठणला निघतात. नाथांचं दर्शन, मग धरण आणि ज्ञानेश्वर उद्यान, असा बहुतेकांचा बेत. पण तिथलं पाणी नेमकं कसं आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

धरण आणि बाग
जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, तर लोकार्पण 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. मातीची भिंत जवळपास 10 किलोमीटर लांब आणि दरवाजे 27. या पाण्यासाठी शंभरावर गावांच्या जमिनी गेल्या, हे विसरू नये.

भिंतीच्या खालच्या अंगाला सुमारे सव्वाशे हेक्टरवर, म्हणजे तीनशे एकरांवर, ज्ञानेश्वर उद्यान आहे. म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर ते उभारलं. मधल्या काळात बागेची बरीच दुरवस्था झाली. त्यामुळे निघण्याआधी बाग आणि कारंजं चालू आहे का, हे पैठणमधल्या ओळखीच्यांना विचारूनच निघा.

'विसर्ग' म्हणजे काय?
पावसाळ्यात मोबाईलवर मेसेज येतो, 'जायकवाडीतून 10 हजार क्युसेक विसर्ग.' एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी. म्हणजे 10 हजार क्युसेकला सेकंदाला 2 लाख 80 हजार लिटर! पैठणला पाऊस नसला तरी वर नाशिक-नगरकडे जोर असला की इथले दरवाजे उघडावे लागतात. म्हणून ऊन पडलेलं असतानाही गोदापात्रात पाणी वाढू शकतं. ऑगस्ट 2006 मध्ये मोठा विसर्ग झाला, तेव्हा पैठण शहरात पाणी शिरलं होतं. विसर्गाची बातमी असेल तर पात्रात उतरू नका, पुलावर सेल्फीसाठी थांबू नका.

काठ उथळ दिसतो, पण...
भरलेला नाथसागर सुमारे 350 चौरस किलोमीटर पसरतो. पाणी ओसरलं की काठावर गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, आत ओला. पाय रुतला की पोहणाराही अडकतो. मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की लाटाही उठतात. त्यामुळे लाईफ जॅकेट नसेल तर होडीत बसू नका. लेकरांना तर मुळीच बसवू नका.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाही खाली ओढतो. दोर, साडी, लांब काठी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका, आरडाओरडा करा आणि 112 वर फोन लावा.

थंडीत पाखरं बघा
1986 पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात रोहित, चक्रवाक आणि बाहेरदेशातली बदकं इथं उतरतात. सकाळी लवकर जा. स्पीकर लावू नका, दगड मारू नका आणि प्लास्टिक परत घेऊन या. हेच पाणी पुढं छत्रपती संभाजीनगरच्या नळाला आणि मराठवाड्याच्या शेताला जातं.

गावातून सहल निघणार असेल तर ही माहिती ग्रुपवर टाका.