हमीदा बानू : व्यावसायिक स्त्री-मल्लाच्या कारकिर्दीची जडणघडण

प्रस्तावना

भारतातील स्त्री-कुस्तीचा विचार बहुधा २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून, म्हणजे महिला कुस्तीचा त्या स्पर्धेत प्रथम समावेश झाला तेथून, सुरू केला जातो. त्यापूर्वी सुमारे अर्धशतक हमीदा बानू तिकीट लावलेल्या फडांत पुरुष मल्लांशी लढत होत्या आणि त्यावर उपजीविका करीत होत्या. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले, तेव्हा अनेक सुशिक्षितांनी हे नाव प्रथमच ऐकले. त्यांच्या विजयांवर घेतला जाणारा ‘नूरा कुस्ती’चा, म्हणजे आधी ठरवून केलेल्या कुस्तीचा, आक्षेप कसा समजून घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अलीगढ ते मुंबई

मूळच्या मिर्झापूरच्या हमीदा बानू यांनी अलीगढ येथे सलाम पहिलवान या वस्तादांच्या हाताखाली कुस्तीचे शिक्षण घेतले. १९४४ साली मुंबईत गुंगा पहिलवानाशी त्यांची कुस्ती जाहीर झाली, तेव्हा सुमारे वीस हजार प्रेक्षक जमल्याचे वृत्त ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने दिले होते. प्रतिस्पर्ध्याने ऐनवेळी अधिक पैसे व अधिक अवधी मागितल्याने कुस्ती रद्द झाली आणि संतप्त जमावाने मैदानात मोडतोड केली. कुस्ती झालीच नाही. तथापि त्यांच्या नावावर किती गर्दी जमते, हे त्या दिवशी प्रवर्तकांना कळून चुकले असावे.

त्यांच्या खुराकाची वर्णने वृत्तपत्रांनी आवडीने छापली. पाच फूट तीन इंच उंची, १०८ किलो वजन. दररोज साडेपाच लिटरांहून अधिक दूध, सुमारे एक किलो मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन थाळ्या बिर्याणी. नऊ तास झोप व सहा तास मेहनत. त्या कोणते डाव टाकीत, कोणत्या पकडीत वाकबगार होत्या, याविषयी मात्र या वर्णनांत फारसे काही हाती लागत नाही. पुरुष मल्लाची ख्याती त्याच्या डावावरून सांगितली जाते. येथे ती ताटावरून सांगितली गेली.

जोडीचा प्रश्न आणि विवाहाचे आव्हान

व्यावसायिक मल्लाला सर्वप्रथम जोड लागते. स्त्री-मल्लांच्या तालमी नव्हत्या, स्पर्धा नव्हत्या, संघटना नव्हती. (महाराष्ट्रात पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीत भरली.) म्हणून जोड पुरुषांतूनच शोधावी लागे, आणि स्त्रीशी लढण्यात पुरुष मल्लाला लाभ कोणताच नव्हता : जिंकला तर कौतुक नाही, हरला तर नाचक्की. फेब्रुवारी १९५४ मधील ‘मला हरवील त्याच्याशी विवाह करीन’ हे त्यांचे प्रसिद्ध आव्हान या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्यात विक्षिप्तपणापेक्षा धंद्याची निकड अधिक दिसते.

आव्हानानंतर पतियाळा व कलकत्ता येथील दोन मल्लांना त्यांनी हरविले. मे महिन्यात बडोद्यास छोटे गामा यांच्याशी कुस्ती ठरली होती. परंतु स्त्रीशी लढणार नाही, असे सांगून त्यांनी माघार घेतली. त्यांच्या जागी उतरलेल्या बाबा पहिलवानाला हमीदा बानूंनी एक मिनिट चौतीस सेकंदांत चीतपट केले. तोवर तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्याचा त्यांचा दावा होता.

संशय आणि बंदी

याच विजयांविषयी, प्रतिस्पर्धी ठरवून हरतात, अशी कुजबुज होती. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. त्या काळच्या फडांत खेळ व करमणूक यांची सरमिसळ झालेली होती. हमीदा बानूंच्या एका कुस्तीनंतर लंगड्या व आंधळ्या मल्लांची कुस्ती ठेवल्याची नोंद रणजय सेन यांच्या ‘नेशन ॲट प्ले’ या ग्रंथात आहे. मात्र संशयाचे हे सावट साऱ्याच तिकीट-कुस्तीवर होते. शिवाय केवळ लबाडीचा राग असता, तर तो हरणाऱ्यावरही निघाला असता. कोल्हापुरात त्यांनी शोभासिंग पंजाबी यांना हरविले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवून दगडफेक केली व पोलिसांना पाचारण करावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली.

मुंबईत बंदी आल्यावर हमीदा बानूंनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. बंदी स्त्री असल्यामुळे घातलेली नसून, प्रवर्तक त्यांच्यासमोर ‘डमी’ मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत, असे उत्तर त्यांना मिळाले. दोष प्रवर्तकांचा, आणि आखाडा बंद झाला मल्लाचा! येथे राजकीय नकाशाही ध्यानात घ्यावा लागतो. १९४९ नंतर मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि बडोदा ही चारही केंद्रे एकाच मुंबई राज्यात होती. विदर्भ, त्यात तेव्हाचा चांदा जिल्हाही, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्यामुळे एका सरकारची नाराजी ओढवली की मिळकतीचे जवळजवळ सारे क्षेत्र धोक्यात येई.

१९५४ मध्येच त्यांनी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री-मल्लाला एका मिनिटाच्या आत हरविले आणि युरोपात जाऊन लढण्याचा मनोदय जाहीर केला. ते जाणे झाले नाही. त्यानंतर कुस्तीच्या वृत्तांतून त्यांचे नाव नाहीसे झाले. पुढील आयुष्य त्यांनी कल्याण येथे काढले. दूध विकून, घरे भाड्याने देऊन, आणि उतारवयात रस्त्याच्या कडेला खाद्यपदार्थ विकून. १९८६ साली त्यांचे निधन झाले.