पत्ता तर मिळाला, पण दार उघडेल का?

'आमची मुलगी पुण्याला आयटीत आहे,' असे नातेवाइकांना सांगताना आईवडिलांना कौतुक वाटते. 'म्हणजे नक्की काय करते?' या पुढच्या प्रश्नाला मात्र पुष्कळ घरांत नेमके उत्तर नसते. 'परदेशातल्या कंपन्यांतल्या साहेबांचे ई-मेलचे पत्ते शोधते म्हणे,' एवढेच कळलेले असते. पत्ते शोधायला पदवी कशाला लागते, असे एखाद्या आजोबांच्या मनात आले तर त्यांना हसू नये. पत्ता हा पोस्टमनला ठाऊक असायचा, अशा काळात ते वाढले.

पुण्यात या कामाच्या अनेक कंपन्या आहेत. परदेशातल्या एखाद्या विक्रेत्याला आपला माल कोणत्या कंपनीतला कोणता अधिकारी घेऊ शकेल हे हवे असते. त्याचे नाव, हुद्दा आणि चालू ई-मेल पत्ता इथली मुले पुरवतात. मग त्या अधिकाऱ्याला, ओळखदेख नसताना, विक्रीचे पत्र जाते.

असले पत्र ही नवी गोष्ट नव्हे. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी असा पहिला मोठा प्रयोग केला. त्या काळी अर्पानेटच्या सदस्यांची यादी चक्क छापील होती. तिच्यातून पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे ४०० पत्ते निवडले गेले आणि सहकाऱ्याने ते एकेक करून टंकले. नव्या संगणकाचे प्रात्यक्षिक पाहायला या, असे निमंत्रण होते. गंमत अशी, की इतके पत्ते त्या जागेत मावलेच नाहीत. उरलेले पत्राच्या मजकुरात सांडले आणि त्या मंडळींना पत्र मिळालेच नाही. ज्यांना मिळाले त्यांतले अनेक जण संतापले. पण त्या पत्रातून कोट्यवधी रुपयांच्या तोडीचा धंदा झाला, असे थुर्क यांनीच पुढे सांगितले. राग आणि लाभ यांची ही जोडी तेव्हापासून सुटलेली नाही.

विचारले की सांगणारी दारे

ई-मेलची घडण झाली ती एकमेकांवर विश्वास असलेल्या संशोधकांच्या जगात. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली टपाल पोचवण्याची जी नियमावली लिहिली, तिच्यात 'अमुक गृहस्थ इथे राहतात का?' असे समोरच्या संगणकाला थेट विचारण्याची आज्ञाच होती. चाळीच्या तोंडाशी बसलेल्या माणसाने 'दुसरा मजला, तिसरी खोली' असे सांगावे, तसा हा सरळ कारभार. पुढे फुकट्या जाहिरातदारांनी हजारो नावे अंदाजाने विचारून याद्या बनवायला सुरुवात केली. परिणामी बहुतेक संगणकांनी या प्रश्नाला उत्तर देणेच बंद केले. चार जणांनी गैरफायदा घेतला आणि सगळ्यांची सोय गेली.

म्हणून आता हेरगिरी आली. एखाद्या कंपनीतल्या दोघा-तिघांचे जाहीर पत्ते पाहिले की साचा कळतो: कुठे नाव, टिंब, आडनाव, कुठे आद्याक्षर आणि आडनाव. त्या साच्यात हव्या त्या अधिकाऱ्याचे नाव बसवायचे. पत्ता तयार झाला. तो खरा आहे की नाही हा पुढचा प्रश्न.

तपासणीची पहिली पायरी सोपी. लेखन बरोबर आहे का, त्या नावाचे संकेतस्थळ आहे का आणि ते टपाल स्वीकारते का, एवढे पाहायचे. दुसरी पायरी चतुराईची. पत्र द्यायला आल्याचा बहाणा करून समोरच्या संगणकाला नाव सांगायचे. त्याने २५० हा आकडा उच्चारला तर 'चालेल', ५५० म्हटले तर 'असा कोणी नाही'. उत्तर मिळताच पत्र न देता मागे फिरायचे.

पण समोरचाही आता शहाणा झाला आहे. काही कंपन्यांचे संगणक कोणत्याही नावाला 'चालेल' म्हणतात. काही 'थोड्या वेळाने या' म्हणून परत पाठवतात, तर वारंवार विचारणाऱ्याला काही दारातही उभे करत नाहीत. शेवटी रात्रपाळीतला कोणी परदेशातल्या त्या कचेरीत फोन लावून 'हे साहेब अजून तिथेच आहेत ना?' असे विचारतो. एवढे करून मिळालेला पत्ताही टिकाऊ नसतो. साहेबाने नोकरी बदलली की तो बाद.

स्वस्त यादीची किंमत

हा खटाटोप टाळण्यासाठी तयार याद्या विकल्या जातात, आणि भोसरीतला किंवा शिरोलीतला छोटा कारखानदार इथेच फसतो. काही हजार रुपयांत लाखभर पत्ते! तो कंपनीच्याच ई-मेलवरून सर्वांना पत्र धाडतो. शेकडो पत्रे परत येतात. काही पत्ते तर जाहिरातदार पकडण्यासाठी मुद्दाम पेरलेले सापळे असतात. मग टपाल सांभाळणाऱ्या कंपन्या त्याच्या नावापुढे फुली मारतात, आणि वीस वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकाला पाठवलेले दरपत्रकही कचऱ्याच्या कप्प्यात पडते. नवे गिऱ्हाईक मिळत नाहीच, जुने मात्र 'उत्तर देत नाहीत' म्हणून रागावते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम आणखी कडक केले. गूगलच्या खातेदारांना दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध केली पाहिजे, जाहिरातीची पत्रे एका टिचकीत थांबवण्याची सोय दिली पाहिजे आणि तक्रारी हजारात तीनच्या आत ठेवल्या पाहिजेत.

कायदेही देशोदेशी निराळे. अमेरिकेचा २००३ चा कायदा अनाहूत पत्राला मज्जाव करीत नाही. पण खरे नाव, टपालाचा पत्ता आणि 'नको' म्हणण्याची सोय मागतो. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नाव असलेला कचेरीचा पत्ताही व्यक्तिगत माहितीत मोडतो. आपल्या संसदेने २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. मात्र एखाद्याने स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्यातून वगळली आहे.

मग छोट्या उद्योजकाने करावे काय? लाखाचा मोह सोडावा आणि आपल्या मालाची खरोखर गरज असलेली पंचवीस-तीस माणसे हुडकावीत. त्यांचे पत्ते स्वतः पडताळावेत. प्रत्येकाला त्याच्या कामाविषयी दोन ओळी लिहाव्यात, आपले नाव-गाव द्यावे, 'नको' म्हणाला तर पुन्हा त्रास देऊ नये. आपले फिरते विक्रेते पूर्वी हेच करीत: दुकानात गर्दी असली की बाहेर थांबत, नकार मिळाला तरी नमस्कार करून निघत. म्हणून पुढच्या खेपेला त्यांना निदान पाणी तरी विचारले जाई.