पडद्यावरची भाऊबंदकी

एका जागी दोन विटा मावत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळते. संगणकाला कळत नाही.

आमच्या रामदासपेठेतले जुने बंगले एकेक करून पडले. तिथे दवाखाने आले, शिकवणी वर्ग आले, फ्लॅट आले. आता आमच्या घराची पाळी आहे. ते पडण्याआधी पुतण्याने लेगोच्या विटांमध्ये, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच, ते बांधायला घेतले. कुठे काय होते ते त्याने घरातल्या एकेकाला विचारून घेतले, आणि भानगड तिथेच झाली.

तो वापरतो ती एलड्रॉ प्रणाली १९९५ साली ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन या तरुणाने लिहिली. १९९७ साली तो ऐन तारुण्यात गेला. पुढे हौशी मंडळींनीच ती चालू ठेवली. तिच्यात प्रत्येक वीट म्हणजे फाइलमधली एक साधी ओळ. रंग, जागा, दिशा आणि तुकड्याचा क्रमांक, बस्स. वजन नाही, ठोसपणा नाही. म्हणून व्हरांड्याचे खांब काढून टाकले तरी छत आपले अधांतरी राहते. पाहणारा डोळा भिंतीला अगदी चिकटवला, तर भिंत सुरीने कापल्यासारखी उघडते आणि आतली पोकळी दिसते.

पण खरी गंमत माजघराची. वाटणीआधी तिथे दार होते, नंतर भिंत आली. थोरल्या वहिनींनी दार सांगितले, मी भिंत सांगितली. पोराने दोन्ही एकाच जागी बसवले! आता घर फिरवले की तिथे पिवळे-तपकिरी पट्टे लवलवतात. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यापाशी संगणक विचारतो, डोळ्याला जवळ कोण? दोघांचे अंतर सारखेच. मग निकाल लागतो तो दशांशचिन्हापुढच्या शेवटच्या आकड्यावर, आणि कोन जरा बदलला की तोही फिरतो. जाणकार याला झेड-फायटिंग म्हणतात. मी भाऊबंदकी म्हणतो.

पट्टे घालवणे सोपे आहे. एक ओळ पुसली की झाले. ‘स्टुडिओ’ नावाच्या नव्या प्रोग्रॅममध्ये तर अशी टक्कर आपोआप ओळखण्याची सोय आहे. मला विचाराल तर पट्टेच राहू द्यावेत. पण पोराला आता खऱ्या विटा मागवून घर टेबलावर उभे करायचे आहे, आणि टेबलावर भिंत तरी राहील, नाहीतर दार. कोणते मागवू, असे तो दोनदा विचारून गेला. वहिनींशी बोलावे लागेल. वाटणीचा विषय आमच्यात इतकी वर्षे निघालेला नाही.