वाण आणि लाल कोळी

उन्हाळी वांग्याच्या पानावर प्रथम बारीक पांढुरके ठिपके दिसू लागतात. पुढे पान पिवळट पडून कोरडे होते आणि त्याच्या खालच्या बाजूस धुळीने माखलेले जाळे आढळते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात हा पुष्कळदा उन्हाचा अथवा पाण्याच्या ताणाचा परिणाम समजला जातो. पान उलटून भिंगातून पाहिले असता खरा अपराधी सापडतो. तो लाल कोळी होय. हा कीटक नव्हे. अंड्यातून निघताना त्यास सहा पाय असतात, पुढे ते आठ होतात.

त्याचे बळ वाढीच्या वेगात आहे. सुमारे ३० अंश सेल्सिअस उष्णता व कोरडी हवा लाभली, तर अंड्यापासून प्रौढ होण्यास आठवडा-दीड आठवडा पुरतो. परंतु हा वेग सर्व वाणांवर सारखा नसतो. समजा, एका वाणावर पिढी १० दिवसांत पुरी होते व दुसऱ्यावर १५ दिवसांत, आणि दर पिढीस संख्या पाचपट होते. मग ६० दिवसांत एका मादीपासून पहिल्यावर १५,६२५ कोळी होतील, दुसऱ्यावर केवळ ६२५. शेतात मित्रकीड व पाऊस इतकी वाढ होऊ देत नाहीत, हे खरे. तथापि पिढीमागे पाच दिवसांचा उशीर म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे. वांग्याची तोडणी वरचेवर होत असल्याने प्रत्येक वाचलेली फवारणी खर्चाच्या व खाणाऱ्याच्या आरोग्याच्या दृष्टीने मोलाची आहे.

हा फरक कशामुळे पडतो, हे इतर पिकांवरून समजते. टोमॅटोच्या काही रानटी जातींच्या पानांवर चिकट द्रव पाझरणारे केस असतात; कोळी त्यांत अडकून मरतो. मात्र पान लवदार दिसले म्हणजे ते सुरक्षित, असे मानू नये. साधी लव जाळे विणण्यास उलट आधारच देऊ शकते. काकडीचे उदाहरण तर अधिक बोधक आहे. कडू झाडांवर कोळ्यांचा जोर कमी राहतो, पण भुंगेरे त्यांकडेच ओढले जातात. कडवटपणा नसलेल्या झाडांची गोष्ट नेमकी उलट, असे १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेव्हा बियाण्याच्या पिशवीवर ‘कीडरोधक’ असे छापलेले असल्यास, कोणत्या किडीस, हे शेतकऱ्याने अवश्य विचारावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस ही पारख गावातच करता येईल. मांजरी गोटा आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला कृष्णा हा संकर, असे दोन वाण शेजारशेजारच्या सरींत एकाच दिवशी लावावेत. पाणी सारखे द्यावे. नत्र तर काटेकोरपणे सारखे द्यावे, कारण जास्त नत्राने कोळी फोफावतो व वाणाचा गुण झाकला जातो. रस्त्याकडेची धुळीची ओळ मोजणीतून वगळावी. काही कीटकनाशके कोळ्यांना खाणाऱ्या मित्रकोळ्यांचा नाश करतात, म्हणून चाचणीच्या सरींत ती फवारू नयेत. दर आठवड्यास प्रत्येक वाणाच्या दहा झाडांवरील वरचे, मधले व खालचे असे तीन पाने घेऊन जिवंत कोळी व अंडी निरनिराळी मोजावीत. पहिले ठिपके दिसल्याची तारीखही वहीत टिपून ठेवावी.